मुंबई ते लंडन : एका अंतराचा इतिहास

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन या दोन शहरांवर टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरला, तर त्या दोऱ्याची लांबी प्रमाणाने सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेषा आखली, तर ती इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. परंतु गोलावरचा ताणलेला दोरा तिच्या उत्तरेकडून जातो. काठेवाड आणि कच्छ ओलांडून तो कराचीवर येतो, बलुचिस्तान आणि इराण पार करतो, कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठाला स्पर्श करून कॉकेशसच्या पर्वतराजीत शिरतो, आणि पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड व चेक प्रदेशाची सीमा, जर्मनी असा लंडनला पोहोचतो. भूमितीच्या दृष्टीने याहून जवळची वाट नाही.

परंतु गेल्या अडीचशे वर्षांत या दोन शहरांमध्ये जे लक्षावधी प्रवासी आले-गेले, त्यांपैकी या दोऱ्यावरून तंतोतंत प्रवास केलेला मनुष्य शोधूनही सापडणे कठीण. कोणी आफ्रिकेला वळसा घालून गेले, कोणी इजिप्तच्या वाळवंटातून उंटावर बसून गेले, कोणी सुएझच्या कालव्यातून गेले, आणि विमाने आल्यानंतरही मार्ग वारंवार बदलत राहिला. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत अंतर पुष्कळदा ‘मजलां’नी सांगितलेले असते. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. घाट लागला की मजल लहान होते, नदीला पूर आला की ती खुंटते, मुलुख बंडाळीचा असला की वाट लांबते. अंतर म्हणजे जमिनीची लांबी नव्हे, तर पोहोचावयास लागणारा काळ, ही जाण त्या शब्दातच आहे. मुंबई आणि लंडन यांच्यामधल्या अंतराचा इतिहास पाहू लागले, म्हणजे त्या जुन्या मोजमापाचे शहाणपण पटते.

शिडांचा काळ

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून विलायतेस जाणारे जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात असे. हा मार्ग सुमारे २०,००० किलोमीटरांचा, म्हणजे सरळ अंतराच्या जवळजवळ तिप्पट. त्याला साधारणतः पाच-सहा महिने लागत, आणि वारा प्रतिकूल असला तर त्याहूनही अधिक. जहाज केव्हा सुटावयाचे हे मनुष्याच्या सोयीवर नसून मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे. पत्राचे उत्तर वर्षाच्या आत आले, तर ते लवकर आले असे मानीत.

या मार्गाच्या काळात विलायतेस गेलेल्या आरंभीच्या मराठी माणसांपैकी एक म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचे वकील हनुमंतराव. गादीच्या तंट्यात इंग्रजांची मदत मिळवावी म्हणून रघुनाथरावाने त्यांना मणियार नावाच्या पारशी सहकाऱ्यासह पाठविले. १७८१ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. तेथे प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क याने त्यांना आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी ठेवून घेतले आणि त्यांचा स्वयंपाक व सोवळे-ओवळे यथासांग व्हावे म्हणून बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. परत आल्यावर मात्र समुद्रपर्यटनाबद्दल हनुमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या काळी विलायतेचे अंतर केवळ कोसांचे नव्हते. जाणारा आपल्या समाजापासूनही तितकाच दूर जात असे, आणि तेथून परतण्याची वाट समुद्रातून परतण्यापेक्षा सोपी नव्हती.

आगबोट आणि वाळवंट

या अंतरावर पहिला मोठा आघात वाफेने केला. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि तेहेतीस दिवसांनी, २२ एप्रिलला, सुएझला पोहोचली. वाटेत कोळसा भरण्यासाठी एडन, मोखा, जेद्दा इत्यादी बंदरांत बराच काळ मोडला. प्रत्यक्ष चालीचे दिवस एकवीसच होते. एडनपर्यंतचा कोळसा पुरावा म्हणून प्रवाशांच्या जागेतसुद्धा कोळसा रचून ठेवला होता, आणि तरीही बोट एडनला लागली तेव्हा साठा जवळजवळ संपलेला होता.

या एका सफरीतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. मुंबई ते सुएझ हा मार्ग वाफेवर शक्य आहे हे सिद्ध झाले, आणि मध्ये कोळशाचे ठाणे हवे हेही सिद्ध झाले. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन काबीज केले आणि ते मुंबई इलाख्याला जोडले. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईहून चालत असे. दोन शहरांमधले अंतर कमी करण्यासाठी तिसऱ्या गावाचे स्वातंत्र्य गेले, असे या प्रकरणाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

सुएझला उतरल्यावर वाळवंटातून कैरो, तेथून नाईल नदी आणि कालव्याने अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रातून दुसरी आगबोट असा ‘खुष्कीचा मार्ग’ टॉमस वॅगहॉर्न याच्या खटपटीने रूढ झाला. टपाल मुंबईहून लंडनला सुमारे दीड महिन्यात पोहोचू लागले. १८५६ मध्ये अलेक्झांड्रिया ते कैरो आणि १८५८ मध्ये कैरो ते सुएझ अशी आगगाडी झाली, आणि उंट-घोड्यांची जागा रुळांनी घेतली.

हाच साताऱ्याच्या वकिलीचाही काळ होय. सप्टेंबर १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथे राहिले. टपाल दीड महिन्यावर आले होते खरे, परंतु मजकूर जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत तीन-चार महिने सहज निघून जात. महाराज काशीत नजरकैदेत, वकील लंडनमध्ये, आणि निर्णय घेणारे कधी लंडनचे तर कधी कलकत्त्याचे. १८४७ मध्ये काशी येथे प्रतापसिंहांचे निधन झाले, १८४८ मध्ये त्यांचे बंधू वारले आणि सातारा खालसा झाले, तेव्हाही हा वकील लंडनमध्ये अर्ज लिहीतच होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात ही कथा मराठी वाचकांपुढे विस्ताराने मांडली आहे. तीत अंतराचे कामही पाहण्यासारखे आहे. ज्याच्या हाती सत्ता होती त्याला विलंब सोयीचा होता. ज्याला न्याय हवा होता त्याच्या पदरी तोच विलंब शिक्षा होऊन आला.

अर्थात अंतर सत्ताधाऱ्यांनाही अडवीत असे. १० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला. त्याची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस पोहोचली. तेथून निघालेल्या फौजा मुख्यतः केपच्या मार्गानेच आल्या, आणि त्यांतील बहुतेक हिंदुस्थानात उतरल्या त्या सप्टेंबरमध्ये दिल्ली पडल्यानंतर. तातडीच्या प्रसंगी साम्राज्य किती दूर आहे, हे लंडनला तेव्हा कळून आले. तारायंत्राची घाई त्यानंतरच सुरू झाली.

कालवा, तार आणि टपालाचा दिवस

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला. मुंबई-लंडन हा जलमार्ग २०,००० वरून सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. पुढच्याच वर्षी दोन घटना घडल्या. मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, आणि जून १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. जी बातमी यावयास महिना लागे, ती आता काही तासांत येऊ लागली. बातमी आणि मनुष्य यांचा वेग इतिहासात प्रथमच एवढा वेगळा झाला. मनुष्य मात्र अजून बोटीनेच जात होता.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८७२-७३ मध्ये ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची जी प्रसिद्ध कथा लिहिली, तीत लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा दिवस असा हिशेब मांडला आहे. म्हणजे मुंबई लंडनपासून वीस दिवसांवर आली होती. कादंबरीत असला तरी हा हिशेब त्या काळच्या आगबोटी आणि आगगाड्यांच्या वेळापत्रकांना धरून होता.

वीस दिवसांची ही वाट परतीत मात्र सर्वांना लाभली नाही. कोल्हापूरचे तरुण महाराज राजाराम १८७० मध्ये इंग्लंडला गेले. तेथील पार्लमेंट, विद्यापीठे, कारखाने हे सर्व त्यांनी पाहिले आणि दैनंदिनीत टिपून ठेवले. परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला, आणि त्यांची छत्री आजही तेथील उद्यानात उभी आहे. कालवा खुला होऊन तेव्हा पुरते एक वर्षच झाले होते.

विलायती टपाल १८६८ पासून मुंबईत दर आठवड्याला येऊ लागले होते. बोट बंदराला लागली की थैल्या उतरत, आणि आगगाड्या त्या घेऊन देशभर धावत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा मुंबईबाहेरच्या मराठी वस्त्यांतही विलायतेची वर्तमानपत्रे आणि नवे ग्रंथ याच मार्गाने पोहोचत. वाचनालयाच्या टेबलावर येणारा लंडनचा अंक तीन आठवड्यांचा शिळा असे, परंतु तो ठरलेल्या वारी येत असे, आणि वाचकाच्या दृष्टीने नियमितपणा हा वेगाइतकाच मोलाचा असतो. तारेने आलेली दोन ओळींची बातमी आधी स्थानिक पत्रांत येई. तिचा सविस्तर वृत्तांत आगबोटीने मागाहून येई. दोन निरनिराळ्या वेगांनी येणारे जग वाचण्याची सवय आपल्या पूर्वजांना त्या काळात लागली.

ग्रंथालयांच्या इतिहासात या आगबोटींना आणखी एक स्थान आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८७ मध्ये प्रथम युरोपचा प्रवास केला आणि पुढे अनेकदा केला. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास आणले. संस्थानात गावोगाव ग्रंथालये आणि फिरत्या पेट्या यांची जी व्यवस्था उभी राहिली, ती हिंदुस्थानात अपूर्व होती. हनुमंतरावांनी विलायतेहून परत आल्यावर प्रायश्चित्त घेतले होते. सव्वाशे वर्षांनंतर एक मराठी राजा परदेशातून ग्रंथालयाची कल्पना घेऊन परतला. प्रवास सुकर झाल्यामुळे काय बदलले, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मधल्या भूमीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना लंडनहून मुंबईस ‘मोरिया’ बोटीने आणीत असता ती फ्रान्समधील मार्सेल्स बंदरात थांबली. ८ जुलै रोजी सावरकरांनी बोटीतून उडी घेऊन किनारा गाठला. परंतु ते पुन्हा पकडले गेले. फ्रेंच भूमीवरून कैद्याला नेण्याचा इंग्रजांना अधिकार होता काय, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. मुंबई-लंडन मार्गावरचे एक मधले बंदर काही महिने जगाच्या चर्चेचा विषय होऊन राहिले.

कराचीचे दार

३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून इंपीरियल एअरवेजची हिंदुस्थानची पहिली नियमित टपालफेरी सुटली. बासेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान, आणि इजिप्तपासून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान, असा हा तुकड्यातुकड्यांचा प्रवास होता. त्याला सात दिवस लागले. मध्ये आगगाडी घालावी लागली याचे कारण यंत्र नव्हते, तर देशादेशांमधील परवानगीचे तंटे होते.

कराची हे त्या वेळी हिंदुस्थानचे हवाई दार होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि मराठी माणसाला ते गाव परके नव्हते. सिंधमधील पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये कराचीत निघाली, आणि ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते नारायण जगन्नाथ वैद्य हे शिक्षण खात्यातील मराठी अधिकारी होते. विमानाने कराचीस आलेली पत्रे मुंबईला मात्र आगगाडीने यावयाची. ती उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दूर झाली. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी एका इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान कराचीहून स्वतः चालवीत मुंबईच्या जुहू मैदानावर आणले. वाटेत अहमदाबादला इंधन भरले, आणि ते इंधन बैलगाडीतून आले होते. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

या सेवेचा विस्तार मुंबईबाहेरच्या मराठी वस्त्यांना लवकरच जाणवला. १९३५ मध्ये मुंबई-त्रिवेंद्रम मार्गावर गोव्यात विमान उतरू लागले, आणि १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर मार्गे सुरू झाली. १९३८ च्या सुमारास इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी मोठी विमाने कलकत्त्याकडे जाताना ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत. ज्या शहरांना विलायतेचे टपाल आजवर मुंबईच्या बंदरातून मिळत होते, त्यांतील काही आता प्रत्यक्ष हवाई मार्गावर आली.

सामान्य प्रवासी अर्थातच विमानात नव्हता; नेतेमंडळीही बोटीनेच जात. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑगस्ट १९३१ च्या मध्यास मुंबईहून बोटीने निघाले. गांधीजी २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि मार्सेल्सला उतरून १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. वीस दिवसांची वाट तेव्हा दोन आठवड्यांवर आली होती. त्याच सुमारास हवाई पत्र याच्या निम्म्या वेळात जात असे.

चोवीस तास

१९४७ च्या फाळणीने हिंदुस्थानचे हवाई दार परदेशात गेले. मुंबईहून पश्चिमेकडे थेट जाणारी स्वतःची सेवा हवी झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा या दोन ठिकाणी थांबून दुसऱ्या दिवशी लंडनला पोहोचले. सुमारे आठ हजार किलोमीटर, सुमारे चोवीस तास. रंगो बापूजींच्या काळी जेथे पत्राला दीड महिना लागे, तेथे आता मनुष्य एका दिवसात पोहोचू लागला.

या जवळिकीची किंमतही लवकरच चुकती करावी लागली. हेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि त्यातील सर्व अठ्ठेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर कोसळले. एकशे सतरा जणांचा अंत झाला, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. एकाच मार्गावर, एकाच डोंगरावर, सोळा वर्षांच्या आत घडलेल्या या दोन दुर्घटना ज्यांनी वर्तमानपत्रांत वाचल्या, त्या पिढीच्या स्मरणातून माँ ब्लाँ हे नाव पुसले गेले नाही.

१९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने एअर इंडियाच्या सेवेत आली. पंख्याच्या विमानांहून त्यांचा वेग जवळजवळ दुप्पट होता. १९७१ मध्ये साडेतीनशेच्या आसपास प्रवासी नेणारे बोइंग ७४७ आले. यानंतर विमानप्रवास हा श्रीमंतांचा आणि सरकारी अधिकाऱ्यांचाच राहिला नाही. विद्यार्थी, परिचारिका, कामगार आणि पुढे मुलांना भेटावयास जाणारे आईवडील यांचा तो झाला. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर हार घालून, रुमाल हलवून निरोप देण्याची एका काळाची प्रथा त्याच दशकात मावळली.

तासांचा हिशेब

मध्ये कोठेही न उतरता आज मुंबईहून लंडनला जावयास सर्वसाधारणपणे साडेनऊ ते दहा तास लागतात, आणि लंडनहून मुंबईला साधारण नऊ. एकाच अंतराला जाताना आणि येताना निराळा वेळ का लागावा? पृथ्वी फिरते म्हणून असे होते, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो समज बरोबर नाही. खरे कारण उंचावरचे वारे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहत असतात. लंडनहून येणाऱ्या विमानाला ते पाठीवर घेतात, मुंबईहून जाणाऱ्याला समोरून अडवितात. शिडाच्या जहाजांना जसा मोसमी वारा, तसा विमानांना हा वारा. यंत्रे बदलली, पण वाऱ्याशी तडजोड संपली नाही.

घड्याळाचा हिशेब याहून वेगळा आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ मुंबईच्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार तास. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दोन वाजता मुंबईहून निघालेला प्रवासी दहा तासांनी लंडनला उतरतो, तेव्हा तेथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. घड्याळाप्रमाणे त्याचे साडेचारच तास गेले. बोटीवर घड्याळ दररोज थोडेथोडे मागे करीत, त्यामुळे शरीराला फरक जाणवत नसे. विमानात तो सारा फरक एका रात्रीत पदरी पडतो. आपल्याकडे १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ ही जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत पुष्कळ ठिकाणी चालू होती. १९४८ च्या त्या पहिल्या विमानातील एखाद्या मुंबईकर प्रवाशाला लंडनची वेळ लावण्याआधी आपल्याच शहरातील दोन वेळांचा मेळ घालावा लागत असला पाहिजे.

वाट पुन्हा लांबते तेव्हा

हा इतिहास येथवर वाचला, तर असे वाटण्याचा संभव आहे की, अंतर एकसारखे घटतच गेले आणि पुढेही घटत जाईल. वस्तुस्थिती तशी नाही. १९५६ च्या अखेरीस सुएझच्या युद्धामुळे कालवा काही महिने बंद पडला. जून १९६७ मध्ये तो पुन्हा बंद झाला आणि जून १९७५ पर्यंत, पुरती आठ वर्षे, बंदच राहिला. मनुष्य चंद्रावर उतरला त्या वर्षी मुंबईहून लंडनला जाणारा माल शिडांच्या काळातल्याच मार्गाने, केपला वळसा घालून जात होता. मार्च २०२१ मध्ये एकच प्रचंड जहाज आडवे रुतल्याने कालवा सहा दिवस अडला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी पुन्हा केपचा रस्ता धरला.

आकाशातही तेच घडले. आरंभी वर्णिलेला तो दोरा पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. त्याचा पहिला टप्पा कराचीवरून जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैपर्यंत पूर्ण उघडली नाही. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. दोऱ्याचा शेवटाकडचा टप्पा युक्रेनवरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले आणि ते आकाश प्रवासी विमानांना मिटले. मधला टप्पा इराणचा. जून २०२५ च्या इस्रायल-इराण संघर्षात तेथीलही हवाई वाहतूक थांबली. म्हणजे ७,२०० किलोमीटरांच्या सरळ वाटेवर ठिकठिकाणी दारे आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या मुंबईच्याही हाती नाहीत, लंडनच्याही नाहीत. जेव्हा जेव्हा एखादे दार बंद होते, तेव्हा तेव्हा तेच विमान, तोच वैमानिक, तेवढाच वेग असूनही प्रवास लांबतो. १९३२ साली जे विमान कराचीहून मुंबईस आले, ते एकाच इलाख्याच्या एका बंदरातून दुसऱ्यात आले होते. आज वेगाच्या दृष्टीने ती दोन शहरे तास-दीड तासाच्या वाटेवर आहेत. प्रत्यक्षात ती लंडनहूनही दूर गेली आहेत.

दोन शहरांमधले अंतर तीन गोष्टींनी ठरते, असा या इतिहासाचा निष्कर्ष काढता येतो. पहिली म्हणजे भूगोल, जो बदलत नाही. दुसरी म्हणजे यंत्र, जे बदलते आणि बहुधा सुधारते. तिसरी म्हणजे मधल्या लोकांशी असलेला सलोखा, जो कधी वाढतो, कधी मोडतो. यंत्राने मिळविलेले तिसऱ्या गोष्टीच्या अभावी गमावता येते. एडन, सुएझ, मार्सेल्स, कराची ही नावे प्रवाशाला केवळ थांबे वाटतात. पण अंतराची खरी सूत्रे त्यांच्याच हाती होती.

मुंबईपासून दूर, निराळ्या भाषेच्या मुलखात शंभर वर्षे टिकून राहिलेल्या मराठी ग्रंथालयाला हा निष्कर्ष नवा वाटू नये. पुण्या-मुंबईत छापलेले पुस्तक येथपर्यंत पोहोचले ते आगगाडीने, टपालाने आणि हस्ते परहस्ते. आणि ते वाचले गेले ते भोवतालच्या अन्य भाषिक समाजाच्या शेजारात, त्याच्या सद्भावावर. आज लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्याच क्षणी पडद्यावर वाचता येतो, आणि तीन आठवड्यांच्या शिळ्या अंकाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. परंतु अंतर मिटले म्हणून ओळख झाली, असे होत नाही. रंगो बापूजींना लंडनमध्ये चौदा वर्षे राहूनही दाद मिळाली नाही. सयाजीरावांना थोड्या महिन्यांच्या प्रवासात ग्रंथालयाची कल्पना सापडली. पोहोचावयास किती वेळ लागला यापेक्षा पोहोचल्यावर दार उघडले गेले की नाही, आणि परत येताना आपण काय आणले, यावरच प्रवासाचे मोल ठरते. दार सर्वांसाठी उघडे ठेवणे, हे तर ग्रंथालयाचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे.